क्रिकेटवाल्यांनी बेसबॉलचा बॉक्स स्कोअर कसा वाचावा

८, १३, ३. बेसबॉलच्या निकालाशेजारी हे तीन आकडे मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा डोक्यात एकच अर्थ आला: आठ षटकं, तेरा धावा, तीन बळी. झकास स्पेल! प्रत्यक्षात तो शिकागो कब्ज या संघाचा अख्ख्या सामन्याचा हिशेब होता. आठ धावा, तेरा हिट, तीन चुका. शेवटचा आकडा तर कौतुकाचा नव्हताच.

आपल्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा तक्ता परका वाटत नाही, आणि घोळ तिथेच होतो. ओळखीचे शब्द दिसतात, पण ते वेगळंच काही मोजत असतात. तरी नातं खरंच आहे. हा तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, रुळवण्यात सगळ्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक या पत्रकाराचा. तो १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचे तक्ते छापायला घेतले. म्हणजे हा आपल्या धावफलकाचा चुलतभाऊच. पण चुलतभाऊ वेगळ्या घरात वाढलाय.

नुसत्या व्याख्या पाठ करण्यात अर्थ नाही, म्हणून एकच सामना शेवटपर्यंत धरून ठेवू: २ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँड, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना. मुंबई-पुण्यात तेव्हा ३ तारखेची सकाळ होती. साडेपाचच्या सुमारास सुरू झालेला सामना सव्वादहाच्या पुढे संपला. तक्त्यावर मात्र तारीख २ च. अमेरिकेतल्या रात्रीच्या सामन्याचा निकाल शोधताना एक दिवस मागची तारीख टाकायची, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर 'सामना झालाच नाही' असं वाटून बसाल.

पायरी १: वरची ओळ

सगळ्यात वर इनिंगवार धावांची पट्टी असते.

शिकागो कब्ज: १ ० ० २ २ १ ० ० ० २ — ८ १३ ३
क्लीव्हलँड इंडियन्स: ० ० १ ० २ ० ० ३ ० १ — ७ ११ १

वरचा संघ पाहुणा, खालचा यजमान. यात बदल नाही. पाहुणे आधी बॅटिंग करतात, यजमान नंतर. टॉस नाही, त्यामुळे खेळपट्टी पाहून काय निवडलं वगैरे चर्चेला वावच नाही. (वर्ल्ड सिरीजमध्ये जास्त सामने कुणाच्या घरी, हे २००३ ते २०१६ पर्यंत त्या वर्षीच्या ऑल-स्टार प्रदर्शनी सामन्याच्या निकालावर ठरायचं. क्लीव्हलँडला सातवा सामना घरी मिळाला तो त्यामुळे. हा नियम पुढच्याच वर्षी मोडीत निघाला, आणि बरं झालं.)

एका संघाचे तीन बाद झाले की त्याची अर्धी इनिंग संपते. नऊ इनिंग म्हणजे सत्तावीस बाद. इथे दहा रकाने दिसतात, कारण नऊ इनिंगनंतर ६-६ अशी बरोबरी होती. यजमान आघाडीवर असताना शेवटची अर्धी इनिंग खेळायची गरज नसली, तर त्या जागी फुली असते. तो शून्य नव्हे, 'बॅटिंगची वेळच आली नाही' एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचे तीन आकडे म्हणजे धावा, हिट, एरर. इंग्रजी तक्त्यात त्यांची आद्याक्षरं असतात: आर, एच, ई. सामना ठरतो फक्त पहिल्या आकड्यावर. हिट म्हणजे फलंदाज स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेस, म्हणजे धावण्याच्या चौकोनातला थांबा, गाठतो ते. त्यातून धाव होईलच असं नाही. तेव्हा तेरा हिट आणि आठ धावा यांची बेरीज करू नका. मी केली होती, भाचा अजून आठवण करून देतो.

आता ही पट्टी गोष्टीसारखी वाचा. कब्ज सहाव्या इनिंगपर्यंत ६-३ ने पुढे. मग तीन शून्यं. खाली क्लीव्हलँडच्या आठव्या रकान्यात एकदम ३. दहाव्यात २ विरुद्ध १. एवढ्यावरूनच कळतं की आठव्या इनिंगमध्ये कुणाचा तरी घात झाला. कुणाचा, ते पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, तक्त्यात सापडेल.

पायरी २: फलंदाजांचा तक्ता

नावासमोर साधारण हे रकाने असतात: एबी, आर, एच, आरबीआय, बीबी, के.

एबी म्हणजे हिशेबात धरलेली बॅटिंगची पाळी. 'हिशेबात धरलेली' हे महत्त्वाचं. पिचरने चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस दिला, म्हणजे वॉक मिळाला, तर ती पाळी एबीत धरत नाहीत. ती बीबीच्या रकान्यात जाते. सहकाऱ्याला पुढे सरकवण्यासाठी मुद्दाम दिलेला बळी, म्हणजे सॅक्रिफाइस, तोही एबीत नाही. या सामन्यात कब्जचा म्हातारा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, डेव्हिड रॉस (वय ३९) पाचव्या इनिंगमध्ये बदली म्हणून आला. एकदा होम रन (एका फटक्यात चारही बेस) मारला, पुढच्या खेपेला वॉक घेतला. तक्त्यात त्याची एबी १, हिट १. दोनदा बॅटिंगला आला, पण नोंद एकाच पाळीची.

आर म्हणजे त्या खेळाडूने स्वतः चारही बेस फिरून काढलेली धाव. आरबीआय म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे घरी, म्हणजे चौथ्या बेसवर, आलेल्या धावा, मग धावणारा कुणीही असो. आपल्याकडे धावा फलंदाजाच्या खात्यात जातात आणि विषय संपतो. इथे एकाच धावेची नोंद दोन खात्यांत होते: धावणाऱ्याच्या आरमध्ये आणि मारणाऱ्याच्या आरबीआयमध्ये. रॉससारखा एकट्याचा होम रन असेल तर दोन्ही खाती त्याचीच.

आता एक गंमत. क्लीव्हलँडच्या आरबीआयची बेरीज करा: सांताना १, गायर १, राजाय डेव्हिस ३. एकूण ५. धावा मात्र ७. उरलेल्या दोन कुठे गेल्या? पाचव्या इनिंगमध्ये कब्जचा पिचर जॉन लेस्टर याचा एक चेंडू जमिनीवर आपटून कॅचर रॉसच्या तोंडावरच्या जाळीवर आदळला आणि लांब गेला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचाच नव्हे, दुसऱ्या बेसवरचा खेळाडूही घरी पोहोचला. अशा वाइल्ड पिचवर आलेल्या धावेचं श्रेय कुठल्याच फलंदाजाला मिळत नाही. आपल्या 'अवांतर'सारखंच, फक्त इथे अवांतरचा वेगळा रकाना नाही. बेरीज जुळली नाही की तक्त्याखालच्या बारीक टिपांत बघायचं.

के म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइकवर बाद (स्ट्राइक म्हणजे हुकलेला किंवा न मारलेला चांगला चेंडू). के का? चॅडविकने एस हे अक्षर सॅक्रिफाइससाठी आधीच वापरलं होतं, म्हणून 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं अक्षर उचललं. फलंदाजाने बॅट फिरवलीच नाही आणि पंचाने तिसरी स्ट्राइक दिली, तर हाताने लिहिणारे लोक उलटा के काढतात. आणखी एक बारकावा: नवव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर खेळाडू असताना कब्जच्या हाव्हियर बाएझने दोन स्ट्राइक झालेल्या असताना चेंडू हलकेच टेकवायचा प्रयत्न केला आणि तो रेषेबाहेर गेला. एरवी दोन स्ट्राइकनंतर फटका बाहेर गेला तर पुन्हा संधी मिळते. असा टेकवलेला चेंडू बाहेर गेला तर मात्र थेट बाद. त्याच्या नावापुढे के. तक्त्यात तो नुसता एक आकडा दिसतो, पण त्या क्षणी शिकागोत किती जणांनी डोक्याला हात लावला असेल!

पायरी ३: पिचरचा तक्ता

इथे जरा वेळ काढा. सामन्याचं खरं रामायण इथेच असतं.

पहिला रकाना आयपी, म्हणजे टाकलेल्या इनिंग. कब्जचा सुरुवातीचा पिचर काइल हेंड्रिक्सच्या नावापुढे ४.२ आहे. हे दशांश नव्हेत, हे क्रिकेटवाल्याला सांगावं लागत नाही, ४.२ षटकं म्हणजे चार षटकं आणि दोन चेंडू, हे आपण शाळेत असल्यापासून जाणतो. फक्त आपल्याकडे सहानंतर पुढचा आकडा येतो, इथे तीननंतर. ४.२ म्हणजे चार पूर्ण इनिंग आणि दोन बाद. त्यामुळे ४.३ कधीच दिसणार नाही. पूर्ण संघाची बेरीज करून पाहा: हेंड्रिक्स ४.२, लेस्टर ३.०, चॅपमन १.१, एडवर्ड्स ०.२, माँटगोमेरी ०.१. बाद मोजले तर १४, ९, ४, २, १. एकूण ३०. दहा इनिंग, बरोबर.

मग हिट, धावा, आणि ईआर म्हणजे पिचरच्या माथी मारायच्या धावा. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे आलेली धाव 'आर'मध्ये दिसते, 'ईआर'मध्ये नाही. हा न्याय मला क्रिकेटपेक्षा सरस वाटतो. आपल्याकडे स्लिपमध्ये झेल सुटला आणि मग फलंदाजाने शंभर ठोकले, तर त्या धावा बिचाऱ्या गोलंदाजाच्याच खात्यात.

दुसरा न्याय त्याहून मजेदार: धाव त्या पिचरची, ज्याने तो खेळाडू बेसवर पोहोचू दिला. आठव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर लेस्टरच्या चेंडूवर रामिरेझ पहिल्या बेसवर गेला. लेस्टरला काढलं, अरोल्डिस चॅपमन आला. त्याच्या चेंडूवर गायरने डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका) मारला आणि रामिरेझ घरी आला. ही धाव लेस्टरच्या खात्यात. लगेच डेव्हिसने होम रन मारला; गायर आणि डेव्हिस या दोन धावा चॅपमनच्या. ६-३ चं ६-६ झालं. पट्टीवरच्या त्या '३' चा उलगडा हा असा.

ईआरवरून ईआरए निघतो: माथी मारलेल्या धावा गुणिले नऊ, भागिले इनिंग. नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या, एवढाच अर्थ. २०१६ च्या नियमित हंगामात हेंड्रिक्सने १९० इनिंगमध्ये माथी मारलेल्या ४५ धावा दिल्या. ४५ गुणिले ९ भागिले १९०, म्हणजे २.१३. त्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, याहून कमी कुणाचाच नव्हता.

पायरी ४: नावापुढची अक्षरं, आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा

पिचरच्या नावापुढे डब्ल्यू म्हणजे विजयी, एल म्हणजे पराभूत, एस म्हणजे सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखल्याचं श्रेय), बीएस म्हणजे हुकलेला सेव्ह. नवखा माणूस डब्ल्यू बघतो आणि समजतो, हाच सामनावीर.

या सामन्यात डब्ल्यू कुणाच्या नावापुढे आहे? चॅपमनच्या. ज्याच्या हातून आघाडी गेली, त्याच्याच. शेजारी बीएसही आहे. नियम असा की आपल्या संघाने निर्णायक आघाडी घेतली तेव्हा अधिकृत पिचर जो होता, तो विजयी. दहाव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात कब्जच्या झोब्रिस्टने डबल मारून आघाडी मिळवली, तोपर्यंत कब्जकडून शेवटचा चेंडू टाकणारा चॅपमन होता, म्हणून विजय त्याचा. आणि ४.२ इनिंग टाकून ५-१ अशी आघाडी ठेवून गेलेला हेंड्रिक्स? त्याला डब्ल्यू मिळूच शकत नव्हता, कारण सुरुवातीच्या पिचरने त्यासाठी किमान पाच इनिंग टाकायला लागतात. एका बादने हुकलं.

सेव्हचंही तसंच. माइक माँटगोमेरीने फक्त एक बाद घेतला. पण तो आला तेव्हा आघाडी एका धावेची होती आणि बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर उभा होता, म्हणून सेव्ह. मेजर लीगमधला त्याचा तो पहिलाच.

सांगायचा मुद्दा असा की ही अक्षरं हिशेबनीसाची आहेत, परीक्षकाची नव्हेत. कुणी कसं टाकलं हे पाहायचं तर आयपी, हिट, वॉक, के आणि ईआर पाहा. डब्ल्यू सगळ्यात शेवटी. अमेरिकेतल्या जाणकारांनाही हे पटायला शंभर वर्षं लागली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रोमच्या नावावर फक्त १० विजय आणि ९ पराभव होते, पण ईआरए १.७०. त्या वर्षी मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. वीस विजयांशिवाय बात नाही, असं मानणाऱ्या पिढीला तो धक्काच होता.

पायरी ५: सरासरी, पण आपली नव्हे

क्रिकेटची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. ब्रॅडमनच्या ६,९९६ धावा, ७० वेळा बाद, म्हणून ९९.९४. बेसबॉलची बॅटिंग सरासरी म्हणजे हिट भागिले एबी. धावांचा संबंधच नाही. दहा पाळ्यांत तीन हिट म्हणजे .३००, आणि ते 'तीनशे' असं म्हणतात. तीनशेचा फलंदाज म्हणजे चांगला फलंदाज, म्हणजे दहापैकी सात वेळा अपयशी. हे पचायला आपल्याला वेळ लागतो.

चारशे हा आकडा किती दुर्मीळ आहे, यासाठी टेड विल्यम्सची गोष्ट. १९४१ च्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती. तीन आकड्यांत आणली की .४००. बाहेर बसला असता तरी विक्रमाच्या पुस्तकात चारशे लागले असते. तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ पाळ्यांत सहा हिट मारले आणि .४०६ वर संपवलं. ४५६ पाळ्यांत १८५ हिट. त्यानंतर नॅशनल किंवा अमेरिकन लीगमध्ये पूर्ण हंगामात चारशे गाठणारा कुणी निघालेला नाही.

त्याच हंगामात त्याला १४७ वॉक मिळाले. सरासरीला त्यांचा पत्ताच नाही. म्हणून शेजारी ओबीपी पाहायचा: हिट, वॉक आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेस, हे सगळं धरून किती वेळा बेस गाठला. विल्यम्सचा .५५३. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा. आणखी एक रकाना एसएलजीचा. त्यात सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होम रनला चार धरून भागिले एबी. ओबीपी आणि एसएलजी मिळवले की ओपीएस. याच्या पुढचं जग मोठं आहे, पण पहिला महिना एवढ्यावर काढा.

पायरी ६: मैदानातले आकडे

५-३. हा गुण नव्हे. प्रत्येक जागेला क्रमांक आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला) ६, मग डावीकडून उजवीकडे बाहेरचे तिघे ७, ८, ९. पाठीवरच्या क्रमांकाशी संबंध नाही. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघे बाद.

क्लीव्हलँडच्या दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असताना दोन बाद झाले होते. मार्टिनेझचा सावकाश घरंगळत आलेला चेंडू तिसऱ्या बेसवरच्या क्रिस ब्रायंटने पुढे धावत उचलला. फेकताना ओल्या गवतावर पाय घसरला (त्याआधी सतरा मिनिटं पावसाने खेळ थांबला होता), आणि तरी चेहऱ्यावर हसू होतं. चेंडू पहिल्या बेसवर रिझोच्या हातमोज्यात. नोंद: ५-३. कब्जची १९०८ पासूनची प्रतीक्षा या दोन आकड्यांत संपली.

दहाव्या इनिंगचं एक बदललंय, तेवढं लक्षात ठेवा. २०२० पासून नियमित हंगामात जादा इनिंग दुसऱ्या बेसवर आयता खेळाडू ठेवून सुरू होते. त्याची धाव पिचरच्या ईआरमध्ये धरत नाहीत. प्लेऑफमध्ये हा प्रकार नाही.

पायरी ७: गुणतक्ता

हंगाम १६२ सामन्यांचा. गुण नसतात, जिंकले, हरले आणि टक्केवारी. २०१६ मध्ये कब्ज १०३-५८, दुसऱ्या क्रमांकावर सेंट लुइस कार्डिनल्स ८६-७६. (१०३ आणि ५८ मिळून १६१ होतात, कारण पावसामुळे एक सामना बरोबरीत सुटला. फार विरळा प्रकार.) शेजारी जीबी, म्हणजे किती सामने मागे: विजयातला फरक १७, पराभवातला १८, बेरीज ३५, भागिले दोन, साडेसतरा. अर्धा सामना कसला, असा प्रश्न पडला तर उत्तर एवढंच की भागाकार आहे.

पायरी ८: ताळा

जुने लोक तक्ता लिहून झाला की ताळा करायचे. एका संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाने घेतलेले बाद यांची बेरीज, ही त्या संघाच्या एकूण पाळ्यांइतकी यायला हवी. पाळ्या म्हणजे एबी, वॉक, सॅक्रिफाइस आणि चेंडू लागलेले, सगळे. एकही माणूस हवेत विरत नाही: तो घरी आला, अडकला किंवा बाद झाला.

बेसबॉल-रेफरन्स या साइटवर ८ ऑक्टोबर १९५६ चा सामना उघडा, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, वर्ल्ड सिरीजचा पाचवा. डॉजर्सची बाजू सोपी आहे. धावा ०, अडकलेले ०, बाद २७. डॉन लार्सनसमोर सत्तावीस जण आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस परत गेले. आता यांकीजची बाजू तुम्ही करा. धावा २ आहेत, आणि यजमान असल्यामुळे नववी इनिंग त्यांना खेळावीच लागली नाही, म्हणून बाद २४. अडकलेले तक्त्यातून शोधा. बेरीज २९ यायला हवी.